चुना, नीळ, गेरू आणि माझं नवं स्वयंपाकघर

स्वयंपाकघर नवं करायला कर्ज लागत नाही, मॉड्युलर किचनचं चकचकीत पुस्तक लागत नाही, आठवडाभर घरात ठाण मांडून बसणारे कारागीरही लागत नाहीत. लागतो कळीचा चुना, थोडी नीळ, मूठभर गेरू, भिजवलेला डिंक आणि ज्येष्ठातले कोरडे दिवस! हे मला यंदा कळलं आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. दळणाच्या गिरणीत सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या बाईंना सांगितलं, आता तुम्हाला सांगते.

आमचं घर निमगाव केतकीचं, इंदापूर तालुक्यातलं. पानमळ्यांचं गाव. पण आषाढी जवळ आली की गावात एकच विषय असतो, पालखी! संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीत तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्या रथाभोवती रिंगण धरतात, मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, आणि पुढे आमच्या गावात मुक्काम. दुसऱ्या दिवशी इंदापूर. त्या मुक्कामाला घरोघरी वारकरी जेवायला असतात. चुलीवर भाकरी, पातेलंभर पिठलं, ठेचा आणि दारापासून मागच्या पडवीपर्यंत माणसंच माणसं. त्या दिवशी आमच्या घरातली सगळ्यांत मोठी खोली स्वयंपाकघर असते, कारण सगळे शेवटी तिथेच येतात.

आणि त्या खोलीच्या भिंती काजळलेल्या. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या बाजूला गॅस, वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचा थर. मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वाढलेली. भिंत म्हणजे टाइल्स नाहीतर प्लास्टिक पेंट, एवढंच मला माहीत. रंगाऱ्याचा अंदाज ऐकला आणि विषय दिवाळीवर ढकलायचं ठरवलं. तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "रंग कशाला? चुना मार की. आमच्या येळंला पालखीआधी समद्या गावात चुनाच लागायचा."

बारामतीला मंडईच्या बाजूला गेलं की जुन्या पद्धतीच्या दुकानांत अजून सगळं मिळतं. मैदान आखायला वापरतात ती फक्की नाही घ्यायची, पांढऱ्या ढेकळांसारखा कळीचा चुना घ्यायचा. सोबत नीळ, गेरू, पिवडी, डिंक आणि एक कुंचा. ही सगळी पिशवी गॅसच्या एका टाकीपेक्षा कमी पैशांत आली. मी दुकानदाराला दोनदा विचारलं, "एवढंच?" एवढंच!

मग तो चुना विरवणं! लोखंडी पिंपात आधी पाणी घेतलं आणि एकेक कळी सोडत गेलो. पाणी खदखदायला लागलं, वाफ वर आली, विस्तव नाही, काही नाही, नुसतं पाणी आणि दगड! (प्लास्टिकची बादली घेऊ नका, उष्णतेने ती मऊ पडते. आणि कळीवर पाणी ओतायचं नाही, पाण्यात कळी सोडायची. हातमोजे आणि चष्मा हवाच. चुन्याचा एक शिंतोडा डोळ्याला गंभीर इजा करू शकतो. मुलांना त्या वेळी अंगणाबाहेर पाठवा.) असं का होतं हे शोधलं तेव्हा तर मी उडालेच. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळी उरते. कळीला पाणी मिळालं की ती उष्णता सोडत फुटते. आणि हा चुना भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे आपण भिंतीला रंग लावत नाही, भिंतीवर दगडाचा एक पातळ पापुद्रा चढवतो! आपल्याकडे किती किल्ल्यांवर चुना मळायच्या घाणीची गोल चर अजून दिसते. त्याच्याशेजारी उभं राहून मी आजवर फोटो काढले होते. तिथे मळलेल्या चुन्याचं भिंतीत गेल्यावर काय होतं, हे आता समजलं.

विरलेला चुना झाकून ठेवला, मुरू दिला, मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला. ताकाइतका पातळ केला. त्यात डिंकाचं पाणी, म्हणजे हाताला पांढरं लागत नाही. आणि नीळ फडक्यात बांधून तिची पुरचुंडी नुसती फिरवायची. चुन्याला जो किंचित पिवळटपणा असतो तो निळीने मरतो आणि पांढरा रंग असा उठतो की विचारू नका. जास्त नीळ घातली तर भिंत आकाशी होते, आणि तीही फार सुंदर दिसते. आमच्या कोठीच्या खोलीत मुद्दाम तशीच केली.

भिंत आधी धुण्याचा सोडा आणि पाण्याने घासून घ्यावी लागते, नाहीतर काजळी चुन्यातून पिवळी फुटून वर येते. हे काम कष्टाचं आहे, आणि सगळं यश त्याच्यावरच आहे. मी कुंचा बुडवला तेवढ्यात आत्याबाईंनी हात धरला. "आधी भित ओली कर. तहानलेली भित चुना पिऊन टाकती, मग पापुद्रं पडत्यात." भिंतीवर पाणी मारलं, मग पहिला हात.

आणि आता ते सांगते ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहितेय. ओला चुना दिसतच नाही! भिंतीवर नुसतं गढूळ पाणी फिरवल्यासारखं, खालचे डाग जसेच्या तसे. थोरल्या जाऊबाईंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आत्याबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "जाडा लावू नका, उद्या बघा." दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर खोली उजळून निघालेली! वाळता वाळता चुना अपारदर्शक होत जातो, हे आता मला माहीत आहे, पण त्या क्षणी माहीत नव्हतं आणि मी अक्षरशः ओरडले. मग दुसरा हात, आडवा. मग तिसरा, उभा. पातळ, पातळ, पातळ. बारामती-इंदापूरचा पट्टा पर्जन्यछायेतला, जूनमध्येही उघडीप मिळते, त्यामुळे हात वाळायला अडचण आली नाही. आता त्या खोलीत दुपारीसुद्धा दिवा लावावा लागत नाही. एक खिडकी होती, तिच्या दोन झाल्या असं वाटतं. शिवाय चुना अल्कधर्मी, त्यावर बुरशी सहजी धरत नाही, आणि भिंतीतला ओलावा तो बाहेर जाऊ देतो. मोरीच्या बाजूची भिंत यंदा पावसाळ्यातही कोरडी आहे.

खाली कमरेच्या उंचीपर्यंत गेरूचा पट्टा दिला. गेरू म्हणजे लोहाची माती, चुन्याच्या शेजारी ती टिकते. पिवळं हवं असेल तर पिवडी, तीही मातीच. हळद मात्र नाही! हळद चुन्याला लागली की लाल होते; जुन्या पद्धतीचं कुंकू असंच बनतं. गेरूच्या पट्ट्यावर चुन्याच्याच पाण्याने, काडीला कापूस गुंडाळून, आत्याबाईंनी काय काय काढलं! गोपद्मं, ज्ञानकमळ, शंख, चक्र, तुळशीवृंदावन, लक्ष्मीची पावलं. चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायचा त्यांचा हात. तो आता भिंतीवर आला. मी ठिपके देत गेले आणि त्या जोडत गेल्या. सेवाग्राम आश्रमात बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीतच ताडाची झाडं आणि चरखा उठावात काढलेला आहे. त्याच आश्रमातलं पहिलं घर 1936 मध्ये बांधलं, तेव्हा जवळपास मिळेल तेच सामान वापरायचं आणि खर्च आटोक्यात ठेवायचा, अशी गांधीजींची अट होती. काटकसर आणि देखणेपण एकाच भिंतीवर सुखाने नांदू शकतं, हे मी तिथे पाहिलं होतं. घरी करून पाहिल्यावर ते पटलं.

एकदा भिंत पांढरी झाली की बाकीचं नजरेला टोचायला लागतं, आणि मग थांबवतच नाही! ओटा कडप्प्याचा, पार फिका पडलेला. कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीच्याच जातीचे दगड, म्हणून त्यांच्यावर लिंबू, व्हिनेगर, फरशीचं ॲसिड कधीही लावायचं नाही; आम्ल दगडच खातं आणि पांढरे डाग पाडतं. साबणाने धुऊन, नीट वाळवून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात दिला, उरलेलं तेल पुसून काढलं. काळाभोर! (तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा.)

तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे घरात होतेच. वरचा पत्रा कापला, गंज पॉलिश पेपरने घासला, आधी रेड ऑक्साइड, मग बाहेरून ऑइल पेंट. कापलेल्या धारदार काठाला काय लावायचं? शेतातली टाकून दिलेली ठिबकची नळी! लांबीत उभी चिरली आणि काठावर बसवली. हात कापायची भीती संपली. आमच्या भागात ठिबकच्या जुन्या नळ्या बांधाबांधाला पडलेल्या असतात आणि पुष्कळदा जाळल्या जातात. त्यांचा असा उपयोग कुणाच्या डोक्यात कसा येत नाही? पानमळ्यात वेलाला आधार म्हणून शेवरी लावतात, तिच्या वाळलेल्या सरळ काठ्या सोलून पडद्याला घातल्या. पडदा आत्याबाईंच्या विरलेल्या इरकली लुगड्याचा, काठ खाली येईल असा. मांडणीच्या फळ्यांवर कागद घातला आणि त्याची कड कातरीने नक्षीत कापली. हे तर माझ्या आजीच्या घरीही असायचं, मी विसरूनच गेले होते.

आणि ओट्याशेजारचा कोनाडा! त्यात पूर्वी काडेपेट्या आणि औषधांच्या बाटल्या असायच्या. तो रिकामा केला, आतून पिवडीने रंगवला आणि ठरवलं, यात दर ऋतूला शेतातलं जे असेल ते मांडायचं. मुद्दाम विकत काही आणायचं नाही. आषाढात तुळशीच्या मंजिऱ्या आणि पितळी तांब्या, चिंच-मिठाने घासून लख्ख केलेला. भाद्रपदात गौरींसोबत तेरडा. नवरात्रात घटाची हिरवी रोपं, दसऱ्याला झेंडू आणि आपटा. दिवाळीत पणत्या. संक्रांतीला कुंभाराकडची सुगडं, त्यांत उसाची कांडकी, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या लोंब्या. कारखाने तेव्हा जोरात चालू असतात, रस्त्यावर उसाच्या गाड्या, हवेत तो गोड वास, आणि तोच ऊस आपल्या कोनाड्यात! संक्रांतीनंतर सुगडं ठेवून द्यायची, मीठ आणि चिंचेला त्यांच्यासारखं भांडं नाही. रब्बीची ज्वारी निघाली की कणसांची एक जुडी खिडकीत, चिमण्यांसाठी. पाडव्याला कडुलिंबाचा डहाळा. वर्षभर कोनाडा बदलत राहील आणि त्याच्या बाजूने अख्खं स्वयंपाकघर बदलल्यासारखं वाटेल.

पालखीच्या मुक्कामाला एक म्हातारी वारकरी माउली पिठल्याचं ताट घेऊन त्या भिंतीला टेकल्या, मग एकदम सावरून बसल्या. पाठीला चुना लागेल असं वाटलं असावं. हात फिरवून पाहिला. काही लागलं नाही. म्हणाल्या, "चांगला मुरवलाय चुना, डिंकबी घातलाय." आत्याबाईंचा चेहरा बघायला हवा होता!

तुमच्याकडे भिंतीला ऑइल पेंट असेल तर त्यावर चुना धरत नाही, आधी खरवडावा लागेल. पण मातीची, सिमेंटच्या गिलाव्याची किंवा पूर्वी चुना लावलेली भिंत असेल तर वाट पाहू नका. पाऊस ओसरला की, दसऱ्याच्या आत, स्वयंपाकघरातली एकच भिंत करून बघा. कळीचा चुना आणा, घरातल्या जाणत्या बाईला शेजारी बसवा, भिंत ओली करा आणि पातळ हात द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडाल तेव्हा उरलेल्या तीन भिंती कधी करायच्या, हे तुम्हीच ठरवाल.