डिकी उघडण्यापूर्वी

ऐंशीच्या दशकात पश्चिम लंडनमधल्या आयझलवर्थला, वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलच्या आवारात भरलेल्या कार बूट सेलमध्ये कुणीतरी दहा पौंडांना एक अंगठी विकली. घेणारीला खडा खोटाच वाटला. ती अंगठी बोटात ठेवूनच तिनं पुढची जवळजवळ तीस वर्षं बाजारहाट केला, घरकाम केलं. खड्याचे पैलू एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीनं पाडलेले, त्यामुळे तो आजच्या हिऱ्यांसारखा लखलखत नव्हता. अखेर एका जवाहिऱ्याला शंका आली, आणि २०१७च्या जूनमध्ये लंडनच्या सदबीजमध्ये तो २६ कॅरटांचा अस्सल हिरा ६,५६,७५० पौंडांना गेला.

वर्तमानपत्रांनी कौतुक केलं ते घेणारीच्या नशिबाचं. पहिल्यांदा विकायला निघालेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो तो मात्र विकणाऱ्याच्या आठवणीनं.

रेडिंगला राहणाऱ्या, मूळच्या ठाण्याच्या एका बाईंच्या पोटातही तो आला होता. मोठं घर सोडून लहान घरात जायचं ठरलं, माळा रिकामा करायला घेतला आणि पंचवीसेक वर्षांचा संसार खोक्यांतून खाली उतरला. लेक म्हणाली, “आई, सगळं ऑनलाइन टाक ना.” एकेका कपबशीचे फोटो काढायचे, पार्सलं बांधायची, पोस्टात रांग लावायची, यापेक्षा एक रविवार उन्हात उभं राहणं बाईंना परवडणारं वाटलं. शिवाय हा बाजार त्यांना परका नव्हता. १९९८ साली नवऱ्याच्या नोकरीमागोमाग त्या इंग्लंडात आल्या तेव्हा रिकाम्या घराचा निम्मा संसार त्यांनी अशाच एका शेतातून जमवला होता: पायरेक्सचे वाडगे, इस्त्रीचं टेबल, पुढे लेकीची बाबागाडी.

ब्रिटनमध्ये गाडीच्या डिकीला बूट म्हणतात, आणि घरातलं नको झालेलं सामान डिकीत भरून आणून विकायचं, एवढाच या बाजाराचा पसारा. कॅनडातला असा बाजार पाहून आलेल्या एका कॅथलिक धर्मगुरूनं सत्तरच्या दशकात देणग्या जमवायला तो इथे सुरू केला, असं मानलं जातं. आता तो शेतांत, रेसकोर्सवर, शाळांच्या आवारांत भरतो. लंडनच्या चिझिक स्कूलचा महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. बॅटरसीचा दुपारी भरतो, म्हणून उशिरा उठणाऱ्यांचा लाडका. शेतातले बाजार साधारण ईस्टरपासून सप्टेंबरपर्यंत. पाऊस आणि चिखल हे कारण आहेच, पण कायदाही आहे: इंग्लंडात वेगळी परवानगी न घेता एखाद्या जागेवर वर्षातले फार तर १४ दिवस बाजार भरवता येतो. म्हणून निघण्याआधी तारीख तपासावी. गेल्या रविवारी बाजार होता म्हणून या रविवारी असेलच असं नाही.

अंगठीच्या भीतीवर उतारा सोपा आहे, फक्त तो घरीच करायचा असतो. भिंग घेऊन बसावं. चांदीच्या चमच्यावर चालत्या सिंहाचा किंवा ९२५चा शिक्का आहे का, अंगठीच्या आतल्या बाजूला ३७५ किंवा ७५० कोरलंय का, बशीच्या बुडाला कुणाची खूण आहे, हे पाहावं. तशीच वस्तू ऑनलाइन खरोखर कितीला गेली तेही बघावं. मागितलेल्या किमती बघण्यात अर्थ नसतो, मागायला कुणाचं काय जातं? शंका राहिली तर वस्तू लिलाववाल्याला दाखवावी. आणि इतकं करूनही काही निसटलं तर निसटलं. ही बेफिकिरी अंगी नसेल त्यानं या वाटेला जाऊ नये.

सामान आदल्या रात्रीच भरायचं, तेही उलट्या क्रमानं. आधी हवं ते टेबल, म्हणून ते सगळ्यात शेवटी आत जाईल. टेबल म्हणजे वॉलपेपरला खळ लावायचं, हलकं, घडीचं पेस्टिंग टेबल. या बाजाराचं ते जवळजवळ राष्ट्रीय फर्निचर आहे. कपड्यांसाठी चाकांचा रॅक, पुस्तकांसाठी जमिनीवर ताडपत्री, काचसामान गुंडाळायला रद्दी, आणि पिशव्या. मोठ्या दुकानांनी पिशवीला पैसे लावायला २०१५मध्ये सुरुवात केली तेव्हापासून फुकट पिशवी देणाऱ्या विक्रेत्याची किंमत वाढली आहे. खेळण्यांत सेल घालून ठेवावेत. शेतात वीज नसते, तेव्हा विजेची वस्तू चालते हे दाखवता येत नाही. घरी चालवून तिचा व्हिडिओ फोनमध्ये ठेवणारे विक्रेते बाईंनी पाहिलेत आणि त्यांच्याकडून एक टोस्टर घेतलाही आहे. सुटे हवेतच, एक-दोन पौंडांची आणि पन्नास पेन्सची नाणी भरपूर, कंबरेच्या पाऊचमध्ये. डब्यात ठेवले की डबाच कुणीतरी उचलतो. समोरून येणारा पैसाही पाहून घ्यावा: जुना गोल पौंड २०१७च्या ऑक्टोबरात चलनातून गेला, वीस आणि पन्नासच्या कागदी नोटा सप्टेंबर २०२२अखेर.

सर्वांत अवघड असतात ती पहिली वीस मिनिटं. गाडी रांगेत लागते न लागते तोच बॅटऱ्या घेतलेली माणसं काचांना नाक लावून उभी राहतात. हे धंदेवाले. “सोनं आहे? कॅमेरे? जुने फोन?” असं विचारत, डिकी अर्धी उघडताच आत हात घालतात आणि खोकी स्वतःच सोडायला लागतात. नवखा माणूस गांगरून पहिल्या भावाला हो म्हणतो. जाणते लोक दारं लॉक ठेवतात, आधी टेबल मांडतात आणि एकेक खोकं बाहेर काढतात. एवढी घाई कुणाला असेल तर त्यानं वस्तूत काहीतरी पाहिलेलं असतं. तेवढीच ती बाजूला ठेवून नऊ वाजता पुन्हा काढावी.

बाईंच्या नवऱ्यानं इथे पूर्ण शरणागती पत्करली. बाई मात्र डगमगल्या नाहीत. घासाघीस त्यांनी ठाण्याच्या चाळीत, दारात बसलेल्या बोहारणीसमोर आईच्या पाठीशी उभं राहून पाहिली होती. बोहारीण पातेलं दाखवायची, आई दोन साड्या टाकायची. ती नाक मुरडून पँट मागायची, आई पातेलं खाली ठेवून उठायची. उंबऱ्यापर्यंत गेली की मागून हाक यायची, आणि शेवटी पातेल्यासोबत एक वाटीही घरात यायची. आई कधी आवाज चढवत नसे आणि पहिला आकडा कधीच स्वतः सांगत नसे.

इथे तेवढं एक जमत नाही. पहिला आकडा विक्रेत्यालाच सांगावा लागतो. तो मनातल्या भावापेक्षा थोडा वर असावा, पण हसू येईल इतका नको. पाच सांगितले की गिऱ्हाईक तीन म्हणतं, चारला सौदा होतो आणि दोघंही जिंकल्याच्या तोऱ्यात वेगळे होतात. दोन वस्तू एकत्र देण्याची युक्ती तर बोहारणीचीच: कप एकाला पौंड, तीन घेतले तर दोन पौंड.

माळ्यावरून उतरलेल्या खोक्यात असंच एक बोहारणीकडून आलेलं स्टीलचं पातेलं होतं. कडेला मशिननं कोरलेलं आईचं नाव आणि लग्नाची तारीख. झाडाच्या कुंडीला झाकायला काहीतरी शोधणाऱ्या एका इंग्रज आजींनी ते उचललं, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हे काय लिहिलंय असं विचारलं. बाई सांगायला लागणार तोच लेक पुटपुटली, “अगं आई, इतिहास नको, किंमत सांग.” लेकीचं बरोबर होतं. सामानाच्या गोष्टी ऐकायला लागलं की गिऱ्हाईक संकोचतं, मग भावही करत नाही आणि वस्तूही घेत नाही. बाईंनी अडीच पौंड सांगितले आणि अडीचच घेतले. पुढचा अर्धा तास तोंड उतरलं होतं ते नवऱ्याचं. द्यावी की ठेवावी असं ज्या वस्तूंबद्दल वाटतं त्यांचा निकाल घरीच लावायचा आणि तोही सगळ्यांनी मिळून, हा नियम त्यांच्याकडे तेव्हापासून आहे.

सांगायचंच तर वस्तूचे दोष सांगावेत. खाजगी विक्रेत्याला दुकानदाराइतकी हमी द्यावी लागत नाही, पण वस्तू सांगितली तशी असायलाच हवी. ‘तपासलेलं नाही’ म्हणणं चालतं. बंद घड्याळ चालू म्हणून खपवणं नाही. इंग्लंडात पूर्वी एक अजब नियम होता: ठरावीक खुल्या बाजारांत सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात भाबडेपणी घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी घेणाऱ्याचीच राहायची. १९९४च्या कायद्यानं तो रद्द झाला. तेव्हा कुणीतरी ‘ही सायकलही विकून टाका’ म्हणून आणून दिली तर ती कुठली, हे विचारलेलं बरं. करखात्याची धास्ती मात्र नवख्यांना उगाच असते. स्वतःच्या घरातलं वापरलेलं सामान विकणं हा सहसा व्यापार धरत नाहीत. विकण्यासाठीच विकत घ्यायला लागलात की व्यापार सुरू होतो, आणि त्यातही वर्षाला एक हजार पौंडांपर्यंतच्या उलाढालीला सूट आहे.

अकरानंतर बाजाराचा सूर बदलतो. मुलं रडायला लागलेली असतात, बर्गरच्या गाडीपुढची रांग वाढते आणि फिरणाऱ्यांच्या हातात आधीच पिशव्या असतात. आता ‘सगळं पन्नास पेन्स’ची पाटी लावायची. उरेल ते चॅरिटी शॉपला. परत माळ्यावर काही चढवायचं नाही, असं बाईंनी निघतानाच नवऱ्याकडून वदवून घेतलं होतं.

पाटी लावून झाल्यावर रंगकाम करणारा एक तरुण आला. कप, पुस्तकं, टोस्टर कशाकडेही न बघता त्यानं वाकून टेबलाचे पाय तपासले. “हे कितीला?” विकायचं नव्हतं. टेबलावर अजून अर्धी काचभांडी होती. बाईंनी आठ सांगितले, तो चार म्हणाला, आणि सहाला ठरल्यावर नवरा, लेक आणि तो तरुण असे तिघं मिळून भांडी गवतावर उतरवू लागले.