सदाशिव पेठेतलं एक जादा पान

पुणेकरांच्या पाहुणचाराचे विनोद तुम्ही ऐकले असतीलच. "जेवूनच आला असाल ना?" असं आम्ही म्हणे दारातच विचारतो! लग्न होऊन मी सदाशिव पेठेत यायला निघाले, तेव्हा माहेरच्या मंडळींनी हाच विनोद सांगून माझी पाठवणी केली होती. पण मैत्रिणींनो, कधी दिवाळीत पुण्यात आलात तर लक्ष्मीपूजनाच्या सकाळी माझ्याबरोबर एक फेरी मारा, आणि मग काय ते ठरवा.

फेरी सुरू करायची ती महात्मा फुले मंडईपासून. ही अष्टकोनी दगडी इमारत १८८६ सालची. तेव्हा तिचं नाव होतं 'रे मार्केट'. दिवाळीत तिथं झेंडूचे ढीग लागतात, केळीच्या पानांचे भारे येतात आणि धक्के खाल्ल्याशिवाय भाजी काही हाती लागत नाही. तोंडली घ्याल ती हिरवीगार, कोवळी घ्या. आतून लाल निघाली तर मसालेभाताची मजा जाते. अळू घेताना 'भाजीचं की वडीचं' हे विचारून घ्या. मग तुळशीबागेत शिरायचं. रामाला नमस्कार करायचा, आणि घरात तीन झारे असले तरी चौथा घ्यायचा. त्याला इलाज नाही!

बाजीराव रस्ता ओलांडला की आमची सदाशिव पेठ. जुने वाडे आता फारसे राहिले नाहीत. त्यांच्या जागी इमारती आल्या आणि इमारतींवर पाट्या आल्या : 'अभ्यासिका', 'मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा', 'घरगुती मेस'. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला बीड, नांदेड, धुळे, सोलापूर, कुठून कुठून मुलंमुली इथं येऊन राहतात. दिवाळीत मेसच्या दाराला एक कागद चिकटवलेला दिसतो : 'दिवाळीनिमित्त चार दिवस मेस बंद.' आपण तो वाचतो आणि पुढं जातो. मीही कित्येक वर्षं तशीच पुढं जात होते.

खरं तर मला तसं करायचा काही अधिकार नव्हता. माझे मामंजी १९३६ साली कोकणातून शिकायला पुण्यात आले, ते वारावर जेवून. वार म्हणजे काय, हे तुमच्यातल्या काहीजणींना आजीकडून कळलं असेल. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात वारांची सात घरं. वारही बहुतेक आपापल्या जातीतल्याच मुलाला मिळायचा. मुलांची ही मिंधेपणाची जेवणं सुटावीत म्हणूनच पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं. तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. पुढं १९५५ साली विद्यार्थी सहायक समिती आली. तिकडे साताऱ्याला १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसली. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं.

मामंजी मात्र वारावरच शिकले. एका पाडव्याला ते वाराच्या घरी गेले तर दारातच सांगण्यात आलं, "आज घरी पाहुणे आहेत, तू उद्या ये." आतून मसालेभाताचा वास येत होता. मामंजी तसेच फिरले आणि ओंकारेश्वराच्या घाटावर जाऊन बसून राहिले. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही अगदी हसत हसत. पण त्यांनी घरात दोन नियम घालून दिले होते. पाडव्याला एक पान जादा मांडायचं, हा पहिला. आणि वाढताना कुणालाही 'हवं का?' असं विचारायचं नाही, हा दुसरा. ते म्हणायचे, "भुकेला माणूस नेहमी नकोच म्हणतो. विचारू नका, वाढा."

मामंजी गेले. मुलगा कॅनडात गेला, मुलगी बंगळूरला. मग माझ्याही मनात आलं, दोघांसाठी कशाला एवढा घाट? श्रीखंडाचा लहान डबा आणायचा, चार पुऱ्या तळायच्या, संपला पाडवा. जादा पान कधी बंद झालं ते कळलंसुद्धा नाही.

२०२१ सालच्या पाडव्याला मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीत गेले. तिथं पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक मुलगी पुस्तक घेऊन बसली होती आणि चहात बिस्किटं बुडवून खात होती. वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहणारी.

"गावी नाही गेलीस?"

"नाही काकू. परीक्षा जवळ आलीय."

मग थोडं थांबून म्हणाली, "गावी गेलं की सगळे एकच विचारतात, निकाल काय लागला? नाहीतर म्हणतात, पुरे झालं आता, स्थळ बघतो."

सहा महिने ती माझ्या डोक्यावर राहत होती, बाई, आणि मला तिचं गावसुद्धा ठाऊक नव्हतं! बीड जिल्ह्यातली होती. तिला मी हाताला धरून खाली आणलं. जेवायला बसवलं आणि सवयीनं विचारलं, "पुरी हवी का गं?"

"नको काकू."

हे काही बोलले नाहीत. उठले, आणि तिच्या पानात दोन पुऱ्या वाढल्या. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बाबांचा नियम विसरलीस."

ती मान खाली घालून जेवत राहिली. पाचवी पुरी मात्र तिनं स्वतःच्या हातानं घेतली.

पुढच्या पाडव्याला तिच्या तीन मैत्रिणी आल्या, नंतर त्यांच्या ओळखीची मुलं. आता आमची पंगत बारा पानांची असते. तुम्हाला अंदाज हवा असेल तर सांगते. बारा माणसांना मसालेभाताला पाऊण किलो आंबेमोहोर आणि अर्धा किलो तोंडली पुरतात. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवा, म्हणजे भात मोकळा होतो. पुऱ्यांना एक किलो कणीक घट्ट भिजवा. श्रीखंडाला एक किलो चक्का आणि पाऊण किलो साखर. चक्का मी विकत आणते. त्यात कमीपणा मानायचं वय गेलं! साखर चक्क्यात कालवून दोन-तीन तास ठेवली की मग पुरणयंत्रातून काढायला त्रास होत नाही.

आणखी एक पदार्थ आमच्या पाडव्याला असतो, तो तुम्हाला सदाशिव पेठेत दुसरीकडे क्वचितच मिळेल. तो म्हणजे येसर आमटी. येसर म्हणजे भाजलेली धान्यं नि डाळी मसाल्यासह दळून केलेलं पीठ. तिची आई एस.टी.नं डबा पाठवते आणि आमटी तीच करते. पहिल्या वर्षी ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी वाटी दोनदा पुढं केली.

ती अजून पास झालेली नाही, बरं का. दोनदा थोडक्यात हुकली. तिला धीर द्यायला माझ्याजवळ शब्द नाहीत. परीक्षेतलं मला काय कळतंय? मला वाढता येतं, तेवढं मी करते.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात मेसच्या दारावर असा कागद लागत असेल. एखादी नर्स सणाला ड्यूटीवर असेल, एखाद्या आजी घरात एकट्याच असतील. चार भाज्या नकोत, वरण-भात चालेल. फक्त 'या ना कधीतरी' म्हणू नका. दिवस सांगा, वेळ सांगा, आणि पान मांडून ठेवा.

यंदा पाडव्याला तिची आई बीडहून येणार आहे. तिचा निरोप आलाय, "पुऱ्या मी तळणार, तुम्ही लाटा." तुळशीबागेतला तो चौथा झारा आता कामाला येईल.