पद्मिनीचं दुखणं

अब्बांची प्रीमियर पद्मिनी १९८० ची. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. त्या हिशेबानं २०२५ हे तिचं परीक्षेचं वर्ष. यंदा पास झाली तर २०३० पर्यंत चिंता नाही, आणि तेव्हा ती पन्नाशीची होईल. पन्नास वर्षं पुरी केलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच सरकार 'व्हिंटेज' मानतं, असा २०२१ चा नियम आहे. तोवर ती नुसतीच जुनी. माझ्या धाकट्या भावाच्या भाषेत, भंगार.

भावाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आमची गल्ली अरुंद, त्यात लूमच्या कारखान्यांचे टेम्पो दिवसभर ये-जा करतात. अब्बा गेल्यापासून गाडी चालवणारा मी एकटा. भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला. अम्मी त्यावर काही बोलायची नाही, फक्त तो आला की उठून आत जायची. शेवटी ठरलं असं की तपासणीच्या तारखेपर्यंत गाडी धड झाली तर ठेवायची, नाहीतर देऊन टाकायची.

आणि गाडी धड नव्हती. सकाळी एका सेल्फला सुरू व्हायची. पंधरा-वीस मिनिटं चालली की मिसिंग मारायला लागायची, आणि कल्याण नाक्याच्या गर्दीत नेमकी बंद पडायची. अर्धा तास थंड होऊ दिली की पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू. एका गॅरेजवाल्यानं सरळ सांगितलं, इंजिन उतरवावं लागेल. मी गाडी घरी आणली.

आमच्या मोहल्ल्यात एक चाचा आहेत. उमर गेली फियाट टॅक्सींखाली. आता हात थरथरतात म्हणून काम सोडलंय, पण कान शाबूत आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी हटली, तेव्हापासून त्यांना कोणी काही विचारायलाही येत नाही. मी विचारलं तर लगेच आले. ते स्टुलावर बसले, मी बॉनेटखाली शिरलो. उर्दूत शिकवणाराही उस्ताद आणि मेकॅनिकही उस्ताद. शाळेत मला उस्ताद म्हणतात, इथे मी शागिर्द.

"मास्टरसाब, पहले सुनो, बाद में खोलो," हा त्यांचा पहिला सबक. गाडी चालू करून ठेवली आणि बंद पडायची वाट बघत बसलो. गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत पहिले संशयित दोनच, पेट्रोल किंवा करंट. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच लागून असतो. उन्हाळ्यात तिथलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते आणि पंपाला ती ढकलता येत नाही. जुने टॅक्सीवाले यासाठी पंपावर ओलं फडकं ठेवत. आम्हीही ठेवलं. फरक पडला नाही. मग कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत धरली आणि पंपाची दांडी हातानं हलवली. पेट्रोल जोरात आलं. म्हणजे पेट्रोल निर्दोष सुटलं.

करंट बघण्याआधी चाचांनी नळी परत बसवायला लावली, सांडलेला थेंबन् थेंब पुसायला लावला, बाटली गल्लीच्या टोकाला ठेवायला लावली. पेट्रोलच्या वासात ठिणगी पाडणारे दोन शागिर्द त्यांनी भाजलेले बघितले होते.

मग कॉइलची मधली जाड वायर इन्सुलेशनच्या पकडीनं इंजिनच्या लोखंडाजवळ धरली आणि भावाला सेल्फ मारायला सांगितलं. सकाळी थंड इंजिनवर ठिणगी निळी, टपोरी होती. आता पिवळी, मरतुकडी. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं तर पॉइंट काळे पडलेले, एकावर खड्डा, दुसऱ्यावर टेंगूळ. चाचांनी लांबूनच सांगितलं, "कंडेन्सर."

हा अंगठ्याएवढा डबा. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये ठिणगी उडू नये, कॉइलमधला प्रवाह झटकन तुटावा, हे त्याचं काम. प्रवाह जितका झटकन तुटेल तितकी प्लगवरची ठिणगी जोरदार. हा आतून म्हातारा झाला की थंडपणी काम करतो आणि तापला की दगा देतो. मग प्लगकडे जायची ताकद पॉइंट जाळण्यात खर्च होते. १०८९ सीसीचं अख्खं इंजिन उतरवायला निघाले होते ते एवढ्याशा डब्यासाठी.

नवा कंडेन्सर मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणला. ही गाडी कुर्ल्याच्याच कारखान्यात जन्मली, वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीत, आणि तिचे सुटे भाग अजून तिथेच धुंडाळावे लागतात. नावाचीही गंमत आहे. १९७४ च्या सुमारास फियाटची पद्मिनी झाली, चित्तोडच्या राणीवरून. त्या राणीला घरोघरी पोचवलं ते मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीनं, १५४० मधल्या 'पद्मावत'नं. वर्गात हे सांगितलं की पोरं गाडीचंच विचारतात.

पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, फट फीलर गेजनं ०.४ मिलिमीटर ठेवली. प्लगची फट चाचांनी हॅक्सॉ ब्लेडनं मोजायला लावली, गेज हाताशी असतानाही. तो त्यांचा हट्ट. एक, तीन, चार, दोन या क्रमानं वायरी लावल्या. अंजूरफाट्यापर्यंत जाऊन आलो, पाऊण तास, एकदाही हिसका नाही.

एक काम अजून शिल्लक आहे. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते फुगवतं, भेगा पाडतं. पंपाचा पडदा आणि नळ्या त्यापुढे टिकणाऱ्या रबराच्या बसवायच्या आहेत. तपासणीला अजून दोन आठवडे आहेत.

काल भाऊ शेजारच्या सीटवर बसून वंजारपट्टी नाक्यापर्यंत आला. सगळा रस्ता गप्प होता. परत आल्यावर म्हणाला, "टॅपेट वाजतंय." चाचांना सांगितलं तर हसले. म्हणाले, वाजणारं टॅपेट परवडतं, घट्ट बसलेलं व्हॉल्व जाळतं, पण बघून घेऊ. येत्या रविवारी कव्हर उघडायचं ठरलंय. कुर्ल्याला जाशील तेव्हा कव्हरचं गॅसकेट विसरू नकोस, असं भावानंच मला दोनदा बजावलं.