काळा, तापट आणि पाण्याला भिणारा

शिरूरहून न्हावऱ्याकडे निघा, पारगावजवळ भीमा ओलांडा आणि तसेच केडगाव-चौफुल्याकडे चला. वाटेत कुठेही एखाद्या वाडीकडे आत वळलात की हा भेटतोच. डांबरी रस्ता. रंगाचा त्याला भारी अभिमान. अंगावर नवा थर चढला की गडी असा तकाकतो, की पोरं मुद्दाम वळसा घालून सायकली त्याच्यावर आणतात.

जन्मापासून तापट. प्लांटमधून निघतो तेव्हा अंगात सुमारे १५० अंशांचा ताप असतो आणि तो आहे तोवरच ऐकतो. म्हणून तर कामावर एकच आरडाओरडा चाललेला असतो, ‘माल गार होतोय, आटपा रं!’ ९० अंशांच्या खाली उतरला की रोलर कितीही फिरवा, दबत नाही. पोटात पोकळ्या राहतात आणि पुढं त्यातूनच पाणी शिरतं. लांबून येणाऱ्या डंपरवर ताडपत्री घालणारा ठेकेदार मला म्हणूनच मोठा माणूस वाटतो.

काळ्या पाषाणाशी मात्र त्याचं जमतं. आपल्याकडची बेसाल्टची खडी तो घट्ट धरून ठेवतो. पण खडीवर धूळ असली तर तो धुळीलाच चिकटतो आणि तिच्याबरोबर निघूनही जातो. खड्डा बुजवतानाही तोच हट्ट. चौकोनी कापा, कडा उभ्या करा, झाडून घ्या, डांबराचा पातळ हात मारा, मग माल भरून दाबा. घाईनं टाकलेल्या मुरमाला तो पहिल्या सरीत बाहेर काढतो.

उन्हानं तो हळूहळू राखाडी होतो, ठिसूळ होतो, केसाएवढ्या भेगा पडतात. तेव्हाच त्या भरून वर बारीक कच पसरली तर थोडक्यात भागतं. पण भेगेसाठी कुणी अर्ज करत नाही, खड्ड्यासाठी करतात.

आता त्याचं खरं भय. पाणी. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत पाऊस तसा जेमतेम. तेवढा तो सोसेलही. पण इथं शिरूरला चासकमानचा कालवा आहे, दौंडला खडकवासल्याचा उजवा कालवा आहे आणि कडेला ऊस आहे. रात्री सोडलेलं पाणी सरी भरून बांधावरून थेट याच्या पायाशी येतं, तेही भर एप्रिलात. खाली काळी माती असली की ती भिजून फुगते, वाळून आकसते. पायाच मऊ झाल्यावर वरचा थर काय करणार? मगरीच्या पाठीसारखी नक्षी उमटते आणि मग तुकडे सुटतात.

त्यातच ऊसतोड सुरू होते. पावसाळ्यात डांबराचं काम बंद, म्हणून दिवाळीच्या आसपास याला नवे कपडे मिळतात. नेमका त्याच वेळी हंगाम लागतो. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, समोरून एसटी. एकानं साइडपट्टीवर उतरायचं. साइडपट्टी खचलेली असली की कड तुटते; आणि कडेला हा फार हळवा आहे.

माणसांचंही सांगतो, कारण मला याची बाजू घ्यायची आहे. एका शेतातून दुसऱ्या शेतात पाइपलाइन न्यायची म्हणून त्याला आडवा चिरतात आणि वर मुरूम लोटून निघून जातात. घरापुढं गाडी यावी म्हणून कडेचं गटार बुजवतात. तिथं चार फूट सिमेंटचा पाइप टाकायला फार पैसे लागत नाहीत, पण टाकत नाहीत. मग वरच्या अंगाचं सगळं पाणी तिथंच तुंबतं आणि पुढल्या वर्षी नेमका त्याच दारापुढं खड्डा पडतो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेला असेल तर त्याच्या तोंडाशी फलक असतो. पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडं. गावानं तो फलक वाचावा आणि तारीख लक्षात ठेवून तक्रार करावी. मात्र गटारासाठी ठेकेदाराची वाट पाहत बसू नये. मे महिन्यात, रोहिणीच्या आधी, ग्रामपंचायतीनं एक दिवस जेसीबी लावून दोन्ही कडेची गटारं उघडावीत. आणि ज्याच्या दारापुढं भराव आहे त्याच्याकडून त्याच दिवशी पाइप टाकून घ्यावा.