नकाशावर सही करण्याआधी

प्रिय मंदा,

तुझं पत्र मिळालं. नरिमन पॉइंटच्या उंच ऑफिसातून समुद्र कसा दिसतो ते वाचून छान वाटलं. तुमच्याकडे वर्ध्यातल्या ऑफिस-इमारतीचं काम आलंय हे वाचून तर जास्तच. पण ‘समोरून पूर्ण काच’ या तुझ्या एका ओळीवर मी अडले.

आधी दुसरं सांगते. तिथे वर्ध्याचं कुणीच नाही म्हणतेस, असं कसं गं? तुझ्या भागातल्या एका रस्त्याला जमनालाल बजाजांचं नाव आहे, त्यावरच बजाज भवन उभं आहे. जमनालालजी जन्मले सीकरकडे, पण दत्तक आले ते आपल्या वर्ध्याच्या बच्छराज शेटजींकडे. व्यापार कापसाचा. आपल्या काळ्या मातीतला कापूस जिनिंगमधून निघायचा, गाठी बांधून मुंबईला जायचा. समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवरच्या त्या टॉवरांच्या पायात विदर्भाचा कापूस आहे, असं मी मानते. आणि तो पिकवणारा अजून भावासाठी ताटकळतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता काचेचं. मे महिन्यात इथं पारा 45 च्या पुढे जातो, तू विसरली नसशील. काचेतून ऊन आत येतं आणि आत तापलेली हवा कोंडून राहते. मग दिवसभर एसी चालवायचा, आणि त्याची गरम हवा रस्त्यावरच्या भाजीवालीच्या तोंडावर सोडायची. हे मला अन्यायाचं वाटतं.

आपल्याकडेही एक ऑफिस होतं ना, सेवाग्रामचं बापूंचं दफ्तर! 1936 मध्ये गांधीजी सेगावला राहायला आले. टपाल इतकं यायचं, की बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा व्हायला लागला आणि 1940 मध्ये गावाचं नावच बदलून सेवाग्राम केलं. व्हाइसरॉयशी बोलायचा टेलिफोनही तिथेच होता. 14 जुलै 1942 ला काँग्रेस कार्यकारिणीने ‘भारत छोडो’चा ठराव केला, तोही वर्ध्यातच. एवढा कारभार चालला तो मातीच्या भिंतींत आणि कवेलूंच्या छपराखाली. साहित्य इथलंच, कारागीरही इथलेच. छप्पर ओसरीवर इतकं खाली उतरतं की भिंतीला थेट ऊन लागत नाही, आणि दुपारचा ताप जाड मातीत मुरेपर्यंत संध्याकाळ होते. भर उन्हाळ्यात तिथे टेकलं की हे अंगाला कळतं.

म्हणून मातीचे पाच मजले बांध, असं मी म्हणत नाही. उंचीशी माझं वैर नाही. चार्ल्स कोरियांची कांचनजंगा तुझ्याच मुंबईत आहे. 1983 ची, 28 मजल्यांची, राहत्या घरांची, पण ऊन-पाऊस अडवायला खोल गच्च्या दिल्या आहेत. जुन्या बंगल्याची ओसरीच त्यांनी वर नेली. तुलाही हे जमेल. पश्चिमेची भिंत बंद ठेव, खिडक्यांवर छज्जे दे, आणि काच लाव ती उत्तरेकडे.

पण आधी इकडे ये, सेवाग्राम एक्स्प्रेस सीएसएमटीहूनच सुटते. फक्त डिसेंबरात नको, मेमध्ये ये. तुझ्या ऑफिसच्या साहेबांनाही आण. दुपारी दोनला आधी प्लॉटवर उभे राहा, मग दफ्तरात बसा, आणि त्यानंतरच नकाशावर सही करा.

तुझी,
शोभा