वारा आणि अग्नी

पनवेल सोडून पुण्याचा जुना रस्ता धरला, की खोपोलीपुढे बोरघाट लागतो. आमच्या वडिलांचे निम्मे आयुष्य तो घाट मालट्रकने चढण्यात गेले. चढणीवर काळा धूर निघू लागला की ते म्हणत, "डिझेल अर्धेच जळतेय. पैसा हवेत चाललाय." रात्री ते खोकत. घरात त्रागा नको म्हणून आम्ही तो विषय कधी काढलाच नाही.

तो धूर का निघतो, हे पुण्यात इंजिनांवर काम करणाऱ्या आमच्या भाच्याने अलीकडे समजावून सांगितले. डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडतात. तो आपोआप पेट घेतो. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात दट्ट्याच्या एका खेपेस सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो. तेवढ्यात इंधनाला पुरेशी हवा भेटली पाहिजे. जेथे ती पोहोचत नाही, तेथे काजळी धरते. हवा शांत असून भागत नाही. म्हणून सिलिंडरात मुद्दाम भोवरे उठवितात. मोठ्याच्या पोटी लहान, लहानाच्या पोटी इवले.

हा सारा खेळ संगणकावर मांडतात. पोकळीचे लक्षावधी कप्पे पाडून प्रत्येकातील वेग, दाब व उष्णता क्षणाक्षणाला गणितात. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक घडविला. आजचे संगणक त्याच्या कितीतरी पुढे गेले आहेत. तरीही सर्वांत लहान भोवरे त्या जाळीतून निसटतातच. त्यांच्याविषयी अंदाज बांधावा लागतो. भाचा म्हणाला, "मामा, संगणकाने सांगितलेले शेवटी इंजिनालाच विचारावे लागते."

१ एप्रिल २०२० पासून देशात 'भारत स्टेज सहा'चे नियम लागू झाले. शुद्ध डिझेल, धुराड्यातील गाळण्या आणि असली गणिते यांमुळे नव्या ट्रकमागे तो काळा लोट सहसा दिसत नाही. वडील मात्र ते पाहायला राहिले नाहीत.

यंदा पेंटेकॉस्टच्या मिस्सेत प्रेषितांची कृत्ये वाचली जात असता आमचे मन थबकले. पवित्र आत्मा आला तो आधी वाऱ्याचा घोष होऊन, मग अग्नीच्या जिभा होऊन. आम्ही मात्र जन्मभर घराच्या शांततेसाठीच प्रार्थना केली. एखाद्या रात्री थोडी खळबळ माजवून वडिलांना डॉक्टरकडे नेले असते तर? न बोललेल्या शब्दांचीही काजळी धरते. ती पुसायला आता कोणते गणित आणावे?