पायातलं बळ

बदकाचं पिल्लू पायांतून गेलं तरी भूक सोडत नाही. ते घोट्यांवर टेकून सरपटतं, दोन पावलांत दमतं, पण पाण्याचं भांडं दिसलं की पुन्हा धडपडतं. डोळे टवटवीत, मान ताठ. मान टाकलेल्या पिल्लाची काळजी वेगळी आणि याची वेगळी. शेजारची मुलगी ओच्यात घालून असंच एक पिल्लू घेऊन आली. म्हणाली, "आजी, हे उठतच नाही. बाबा म्हणतात, जगायचं नाही." मी एवढंच विचारलं, "खायला काय घालता?" उत्तर आलं, कोंबडीच्या पिल्लांचं दुकानातलं खाद्य.

माझ्या आजीकडे, सिंधुदुर्गात, बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली बसवत. कोंबडीची पिल्लं एकविसाव्या दिवशी फुटतात, बदकाची अठ्ठावीस दिवस घेतात. बिचारी कोंबडी तो जास्तीचा आठवडाही काढायची. पिल्लं बाहेर पडली की सरळ खाचरात. गोगलगायी, गांडुळं, वर आजीने टाकलेली मासळीची डोकी. पायांत अधू झालेलं पिल्लू मी त्या अंगणात पाहिल्याचं आठवत नाही.

अशा पिल्लाला कमी पडतं ते नायसिन हे जीवनसत्त्व. त्याचं नाव माझ्या कानावर आलं ते फार पुढे. गृहविज्ञान शिकून मी सोलापूरकडे एका रुग्णालयात आहाराचं काम पाहत होते. तिथे एक मजूर बाई दाखल झाली. दोन्ही हातांची कातडी काळवंडून भेगाळलेली आणि मनगटाच्या वर एका सरळ रेघेत थांबलेली. गळ्याभोवती तसाच पट्टा. ऊन लागतं तेवढंच अंग जळालेलं. जीभ लालभडक, घास गिळवत नव्हता. रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पेलाग्रा. नायसिनने हा रोग हटतो, हे कळायला 1937 साल उजाडलं. कॉनराड एल्वेहेम यांनी त्या वर्षी काळ्या जिभेच्या आजाराचे, म्हणजे पेलाग्राच्याच कुत्र्यांतल्या रूपाचे, कुत्रे त्यावर बरे केले. ज्वारी खाणाऱ्यांनाच तो का गाठतो, याचा माग हैदराबादेत गोपालन आणि श्रीकांतिया यांनी घेतला आणि 1960 साली ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्या बाईला मात्र गोळ्या सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत तिने भाकरी मागितली. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता.

आता मांडीवरच्या पिल्लाचं. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर थोडं नायसिन स्वतः बनवतं, पण बदकाला ते फारसं साधत नाही. म्हणून ब्रॉयलरच्या पिल्लाला किलोभर खाद्यात 35 मिलिग्रॅम पुरतं, तिथे बदकाच्या पिल्लाला 55 लागतं. मक्यात नायसिन असतं, पण असं बांधलेलं की अंगी लागत नाही. कोंबडीचं खाद्य खाऊन पिल्लू वाढतं, वजन वाढतं आणि ते वजन पेलायला पाय उरत नाहीत.

पशुवैद्यांना विचारून आम्ही पाण्यात नायसिन आणि ओल्या खाद्यात ब्रुअर्स यीस्ट सुरू केलं. वर्तमानपत्रावर पाय फाकतात, म्हणून खाली जाड गोणपाट. कोमट पाण्यात त्याला पोटाखाली हात देऊन तरंगवायचं. पाण्यात वजन जाणवत नाही आणि पाय आपोआप मारले जातात. मग पुसून कोरडं करायचं, कारण आईविना वाढलेल्या पिल्लाची लव भिजते आणि ते गारठतं. घाई करावी लागते ती एवढ्यासाठी, की हाड एकदा वाकून पक्कं झालं की कुठलंच जीवनसत्त्व ते सरळ करत नाही.

पिल्लू उभं राहिलं. डावा पाय किंचित आत वळलेला राहिला, पण पळण्यात ते कुणाला ऐकत नाही. ती मुलगी आता दुकानात गेली की खाद्याच्या पोत्यावरची बारीक अक्षरं वाचून घेते आणि दुकानदाराला विचारते, "काका, बदकाचं वेगळं खाद्य कधी ठेवणार?"